दादाच्या मालकीचा आजार

दादाचं ऑपरेशन झाल्यापासून घरात एकच आजार उरला होता, आणि तो दादाच्या मालकीचा होता. बाकी कुणाला ताप आला, कुणाची कंबर धरली, कुणाचा दात ठणकला, तर ते सगळे नखरे. वहिनीचा गुडघा सुजून टम्म झाला तेव्हा हा पलंगावर पाय लांब करून म्हणाला, "अगं, मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला गुडघे काय सांगतेस?" आणि वहिनी, धन्य ती बाई, ओशाळून हसली आणि लंगडत लंगडत त्याचं बिनमिठाचं सूप गरम करायला गेली.

खालच्या खोलीत त्याची धाकटी बहीण हे ऐकायची आणि दातओठ खायची. तिला सगळे ठिणगी म्हणत. नाव वडिलांनी ठेवलेलं. लहानपणी ती चिडली की वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, "हिला वार्निशच्या डब्याजवळ जाऊ देऊ नका, दुकान पेटेल." पन्नाशी उलटली तरी ती ठिणगीच राहिली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक दादा पुरेसा आहे, दुसरा कुठे सांभाळू?"

घराखालचं दुकान जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं. पंपाच्या, गिरणीच्या, पंख्यांच्या. जुनी काळी पडलेली तार उपसून काढायची, खाचा घासून स्वच्छ करायच्या, तांब्याची नवीन तार मोजून गुंडाळून एकेक कॉइल त्या खाचांत भरायची, बांधायची, वार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायचं. हे सगळं ठिणगी करायची. दादा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा. तेही काम असतंच म्हणा, पण बोलून कुणाची मोटार फिरत नाही.

वडील याच दुकानात गेले. एका सकाळी छाती धरून बाकावर आडवे झाले ते दवाखान्यात पोचेपर्यंत संपले होते. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली होती, असं नंतर कळलं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी दादाची पाळी आली. त्याने गल्ल्यावर अशी किंकाळी फोडली की समोरचा केस कापणारा वस्तरा हातात घेऊन धावत आला. पण वडिलांचं बघितलेलं असल्यामुळे कुणी वेळ घालवला नाही. ठिणगीने गाडी थांबवली, ड्रायव्हरला असल्या शिव्या घातल्या की तो सिग्नल तोडून सुटला, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत दादा ऑपरेशनच्या टेबलावर होता. फाटलेली रक्तवाहिनी काढून तिथे कृत्रिम नळी बसवली. महिन्याभराने स्वारी हातात काठी घेऊन, गरज नसताना, गल्लीतून फेऱ्या मारायला लागली.

आणि मग सुरू झालं पारायण. दुकानात कुणीही आलं की दादा शर्टाची बटणं सोडायचा. व्रण दाखवायचा. "त्या दिवशी मी निळा शर्ट घातला होता," इथून सुरुवात. मग किंकाळी, मग गाडी, मग स्ट्रेचरचं एक चाक कसं कुरकुरत होतं, नर्स कोणत्या हाताला सुई टोचताना काय म्हणाली, सर्जनने चष्मा काढून कपाळ कसं पुसलं. नर्सचा आवाज नर्ससारखा काढायचा, सर्जनचा सर्जनसारखा. एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. गिऱ्हाईक बिचारं जळालेला पंप मांडीवर घेऊन ऐकत बसायचं. दादाची मुलं तर ते सगळं त्याच्याबरोबर ओठ हलवून म्हणायची.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत त्याने जेवताना जाहीर केलं, "हे आपल्या रक्तात आहे. डॉक्टर म्हणालेत, मुलाची तपासणी करून घ्या. वेळेवर सापडलं तर सावकाश, ठरवून ऑपरेशन करता येतं."

त्याची मुलगी म्हणाली, "आणि माझी?" तिला घरात छोटी म्हणत. पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची, दंड मुलांसारखे, बाकी चण चिमणीएवढी.

"तुझी कशाला? आजोबा, मग मी. आपल्याकडे पुरुषांना होतं ते."

कुणी काही बोललं नाही. ठिणगीसुद्धा. तिला तेव्हा भरायची होती गिरणीची मोठी मोटार, दादा पलंगावर, दुकानाचा सगळा गाडा तिच्या एकटीच्या डोक्यावर. मुलाची तपासणी झाली, काही निघालं नाही, आणि विषय मिटला.

त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं. सकाळची वेळ होती, ठिणगी पंपाच्या मोटारीत कॉइल भरत होती. अचानक तिच्या दोन खांद्यांच्या मध्ये काहीतरी टरकन फाटलं. कळ पाठीतून वर जबड्यापर्यंत आली. हातातली तार सुटली. तिला दरदरून घाम फुटला, उलटी झाली, आणि ती बाकाला टेकून फरशीवर बसली. ओरडली मात्र नाही. एरवी गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारी बाई, पण ओरडायला छातीत हवा लागते, ती नव्हती.

दादा उठून आला. वाकून बघायला लागला, कमरेवर हात ठेवून.

"काय होतंय?"

"पाठीत... दादा, फार..."

"छातीत आहे?"

"पाठीत. इथे, जबड्यात."

"छातीत नाही ना? ओरडावंसं वाटतंय?"

तिने नकारार्थी मान हलवली. तिला नुसतं पडून राहावंसं वाटत होतं.

"मग हे ते नाही," दादा म्हणाला. "ते मला माहीत आहे ना. मला झालं तेव्हा रस्त्यापलीकडचा माणूस धावत आला होता. तुला गॅस झालाय. सकाळपासून उपाशी पोटी चहा ढोसतेस."

आता काय बोलणार? घरात त्या आजाराचा एकमेव जाणकार तो. वहिनीने गरम पाण्याची पिशवी आणून पाठीला लावली. छोटी तलावावरून आली होती, तिने पित्ताची गोळी चघळायला दिली. ठिणगी दोनदा म्हणाली, "दवाखान्यात ने." दादा म्हणाला, "जबडा दुखतोय म्हणजे दाताचंही असेल, संध्याकाळी बघू." मग एक गिऱ्हाईक आलं आणि हा पुढे जाऊन त्याला आपला निळा शर्ट सांगायला लागला. ठिणगी मागच्या खोलीत चटईवर पडून ते ऐकत होती. स्ट्रेचरचं चाक कुरकुरलं, नर्स बोलली, सर्जनने चष्मा काढला. कळ थोडी ओसरायची आणि परत यायची.

ऊन उतरायला लागलं तेव्हा वहिनीने तिच्यासाठी चहा आणला. कप उजव्या हातातून घसरला आणि फुटला. ठिणगी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. वहिनी ओरडली, "अहो, ताईंचा हात बघा! हात बघा त्यांचा!" त्या घरात वहिनी इतक्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. तेव्हा कुठे गाडी आली.

आणि दवाखान्यात पुन्हा तेच. तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने विचारलं, "घरात कुणाला हृदयाचा, रक्तवाहिनीचा काही त्रास?" ठिणगी तोंड उघडणार तेवढ्यात दादाने बटणं सोडली. "मला. इथेच झालं माझं ऑपरेशन. म्हणूनच सांगतो डॉक्टर, हे ते नाही. ते कसं असतं ते मी भोगलंय. ही जरा तापट आहे, बीपी वाढून हात बधिर झाला असेल." डॉक्टरीण त्या व्रणाकडे बघत होती. ठिणगीकडे बघायला तिला फुरसत झाली नाही. कोपऱ्यातली खाट दिली, सलाईन लावलं, झोपेची गोळी लिहिली. दादा तिथल्या वॉर्डबॉयला म्हणाला, "मला आणलं ना, तेव्हा याच दारातून."

ठिणगीला त्या क्षणी त्याचा जीव घ्यावासा वाटला. हे तिने पुढे छोटीला सरळ सांगितलं, लपवून ठेवलं नाही. मरणाची भीती वाटत होतीच, पण भीतीपेक्षा राग मोठा होता. मरताना शेवटचा आवाज याच्या पारायणाचा ऐकायचा, या विचाराने ती जागी राहिली. गोळी तिने जिभेखाली धरून थुंकली.

संध्याकाळी पाळी बदलली. मोठे डॉक्टर फेरीवर आले, त्यांनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं. एकात भरपूर, दुसऱ्यात जवळपास नाहीच, म्हणजे मोठी रक्तवाहिनी फाटलेली. त्यांनी डॉक्टरीणबाईला जे सुनावलं ते सगळ्या वॉर्डने ऐकलं. स्कॅन झाली आणि खाट पळवत नेली. ऑपरेशन त्याच सर्जनने केलं ज्याने दादाचं केलं होतं.

ती वाचली. लोक एवढंच म्हणतात, वाचली, आणि पेढे मागतात. शुद्धीवर आली तेव्हा उजव्या हाताची बोटं तिची राहिली नव्हती. अंगठा हलायचा, बाकीची नुसती लोंबायची. मेंदूला रक्त कमी पडलं होतं. आणि आवाज गेला होता. गळ्यातून एक घोगरा वारा निघायचा, बस्स. ठिणगीचा आवाज! ज्या आवाजाने तिने दादासाठी सिग्नल तोडायला लावला होता तो.

सर्जन उंच, तुटक बोलणारा, घाईतला माणूस. खाटेशी उभं राहून त्याने पहिला प्रश्न विचारला, "तुमची तपासणी कधी झाली होती?"

"कसली तपासणी?" तिने विचारलं. त्याला वाकून ऐकावं लागलं.

"तुमच्या बंधूंच्या ऑपरेशननंतर मी सांगितलं होतं. रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांची स्कॅन. मुलगा, मुलगी, बहीण. बहीण तर मी मुद्दाम म्हटलं होतं, तुमचे वडील गेले होते म्हणून. झाली नाही?"

ठिणगीने छताकडे नजर वळवली. शेवटी तिने विचारलं, "दादा महिन्याभरात फिरायला लागला. माझं असं का?"

"ते तासाभरात आले. तुम्ही अख्खा दिवस घालवला. त्यांचं मला निवांत, पाहिजे तेवढं बदलता आलं. तुमचा नुसता जीव वाचवायचा होता, तेवढंच केलं."

"सगळ्या बायकांचं असंच होतं?"

सर्जनला हा प्रश्न आवडला नाही. त्याने फाइल मिटली. "माझ्याकडे बायका येतात त्या बहुतेक उशिरा. कुणी गॅस म्हणतं, कुणी टेन्शन म्हणतं, काही पोचतच नाहीत. मग निकाल वाईट लागला की लोक म्हणतात, बायकांची शरीरं नाजूक. डोंबलाची नाजूक." आणि तो पुढच्या खाटेकडे गेला.

घरी आल्यावर तिला तिचीच खालची खोली मिळाली. दादाच्या वेळी पलंगाला घंटा बांधली होती. ती वाजली की माणूस हजर. हिच्यासाठी वहिनी दिवसातून जमेल तेव्हा जिना उतरायची, सुजलेला गुडघा घेऊन, ठिणगीलाच तिची दया यायची. बीपीचं यंत्र वरच राहिलं. मागितलं तर दादा म्हणाला, "माझं बघून झालं की पाठवतो." पाठवायचा, आठवण झाली तर. ती डाव्या हाताने स्वतःची वेणी घालायला शिकली, ती नीट येत नव्हती, तेव्हा केसच कापून टाकले.

पण हे सगळं तिने गिळलं असतं. जे गिळता येईना ते वेगळंच होतं. एक दिवस दुकानातून दादाचा आवाज आला. गिऱ्हाइकाला सांगत होता, "माझ्या बहिणीला झालं ना, तेव्हा मी बघताक्षणी ओळखलं. स्वतः भोगलेलं होतं ना! मी होतो म्हणून वाचली." गिऱ्हाईक म्हणालं, "भाग्यवान आहे बहीण."

ठिणगी भिंतीला धरून दुकानात आली. "खोटारड्या!" ती म्हणाली, पण तो आवाज पंख्याच्या घरघरीत विरला. गिऱ्हाइकाने तिच्याकडे बघून कीव आल्यासारखी मान हलवली. दादा म्हणाला, "आराम कर गं, कशाला उठलीस? घशाला त्रास होतो तिला, बोलू नकोस असं सांगितलंय."

त्या रागातच तिला छोटीची आठवण झाली. सर्जनने मुलगी म्हटलं होतं. मुलगा, मुलगी, बहीण. बहिणीचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. आता उरली मुलगी, आणि ती रोज पाण्यात उतरून दम लागेपर्यंत पोहत होती.

त्याच संध्याकाळी तिने दादाला गाठलं. "छोटीची स्कॅन करून घे."

"कशाला? उगाच पोरीला घाबरवायचं?"

"डॉक्टर म्हणाले होते. मुलगी, बहीण. त्यांनीच मला सांगितलं."

"ते आत्ता म्हणत असतील. तेव्हा मुलगाच म्हणाले होते. माझ्या घरात काय करायचं ते मला कळतं, ठिणगे. तुझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही." आणि यंत्राचा पट्टा दंडाला बांधून तो आपलं बीपी बघत बसला.

मग ती तलावावर गेली. चालायला तिला त्रास व्हायचा, दोन ठिकाणी बसून बसून गेली. छोटी काठावर शिट्टी घेऊन उभी होती, अंगावर टॉवेल. आत्याला बघून तिचा चेहराच उतरला.

"आत्या, बाबांनी सांगितलंय मला. तू येशील म्हणून."

"काय सांगितलं?"

"की तुला त्यांचा राग आहे. कारण ते धडधाकट झाले आणि तू नाही झालीस." पोरीने खाली बघितलं, पण बोलायची थांबली नाही. "तुमचं भांडण आहे ना, ते तुमच्यात ठेवा. त्यात मला ओढू नका. बाबा माझं वाईट करतील का?"

"मुद्दाम नाही करणार," ठिणगी म्हणाली.

"काय?" छोटीला ऐकू आलं नव्हतं. पाण्यात मुलं दंगा करत होती. ठिणगीने परत म्हणून बघितलं, घसा ताणला, खोकला आला. छोटी म्हणाली, "घरी जा ना आत्या. लोक बघतायत." ठिणगी बाहेरच्या कट्ट्यावर बसून रडली. रागाने रडली, दुःखाने नाही, आणि रडतानाही आवाज निघेना याचा तिला आणखी राग आला.

दुकानात तोवर मोटारींचा ढीग लागला होता. भरणारं कुणी नव्हतं. दादाने स्वतः एक मोटार भरून बघितली, ती लावल्याबरोबर धूर सोडून बसली. त्या मोटारीचा मालक रविवारी भांडायला आला. दादाने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बटणं सोडली. छोटी डबा द्यायला खाली आली होती, दाराशी थांबली. ठिणगी कोपऱ्यात स्टुलावर होती. डाव्या हाताने जुनी तार उपसून ठेवायची, तेवढं तिला जमायचं.

"त्या दिवशी मी निळा शर्ट घातला होता," दादाने सुरुवात केली. गिऱ्हाइकाचा राग हळूहळू ओसरला, ते ऐकायला लागलं. चाक कुरकुरलं. नर्स बोलली. "आणि घरी सोडायच्या दिवशी सर्जन आले. असे उभे. चष्मा पुसला. म्हणाले, जिने हळू चढा, मीठ सोडा, वजन उचलू नका, आणि रागाला हात जोडा. मी म्हटलं, डॉक्टर, राग माझ्याकडे नाही, तो सगळा बहिणीकडे. ते असे हसले, डावा दात दिसला त्यांचा."

गिऱ्हाईकही हसलं.

"आणि मग?" छोटीने विचारलं.

दादाने मान वळवली. "मग काय? मग घरी आलो."

"मग तपासणीचं बोलले ना ते. काय म्हणाले?"

"म्हणाले, घरात तपासणी करून घ्या."

"कुणाकुणाची?"

"मुलाची."

"तसंच म्हणाले? मुलाची? त्यांच्या आवाजात सांगा ना बाबा. नेहमी सांगता तसं."

दादाने तोंड उघडलं. सर्जनचा आवाज काढण्यासाठी मान जरा ताठ केली, सवयीने, आणि तिथेच अडला. इकडे तिकडे बघितलं. "मला काय शब्द न् शब्द आठवतो का?" तो एकदम खेकसला. "मरणाच्या दारात होतो मी!"

शर्टाचा रंग आठवतो, चाक आठवतं, सर्जनचा कुठला दात दिसला ते आठवतं. छोटीने डबा गल्ल्यावर ठेवला, कोपऱ्यात आली आणि ठिणगीच्या मांडीवरची तार उचलून बाजूला केली. "आत्या, चल," ती म्हणाली. "सर्जनची वेळ कधी मिळेल ते विचारू."

स्कॅनच्या दिवशी दादाही आला. बोलावलं नव्हतं, तरी आला, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून बसला. वहिनी मध्ये. छोटी आतून बाहेर आल्यावर सर्जनने सगळ्यांना खोलीत बोलावलं. पडद्यावर करडं चित्र होतं, त्यावर त्याने बोट ठेवलं. "इथे रक्तवाहिनी फुगलीय. हिच्या चणीच्या मानाने बरीच. आज धोका नाही, पण वाट बघायची नाही. पोहणं बंद. या महिन्यात ऑपरेशन करू, ठरवून, सगळी तयारी करून."

वहिनीने छोटीचा हात धरला. दादा म्हणाला, "पण डॉक्टर, माझी तर याहून मोठी..."

"मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये," सर्जन म्हणाला.

छोटीने विचारलं, "माझा हात राहील?" सर्जन पहिल्यांदाच जरा सावकाश बोलला. म्हणाला, फाटायच्या आधी आलात की आमचं काम सोपं असतं, घाबरू नका. दादा उठला आणि बाहेर निघून गेला. दार त्याने लावलं नाही.

थोड्या वेळाने ठिणगी पाणी आणायला खाली निघाली, तर तो जिन्यात बसला होता. पायरीवर, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेत. तिला पुढे जायला जागा नव्हती. तिने त्याला सांगितलंही नाही सरक म्हणून. उभी राहिली.

"हिचं वेळेत सापडलं," तो म्हणाला. वर बघितलं नाही. "तुझंही सापडलं असतं."

"हो."

ती काहीतरी समजुतीचं बोलेल म्हणून तो थांबला. आयुष्यभर कुणी ना कुणी बोलत आलं होतं. ती बोलली नाही.

"आठवतं मला," दादा म्हणाला. "शब्द न् शब्द आठवतो. मुलगा, मुलगी, बहीण. बहिणीची आधी करा, म्हणाले होते." त्याने दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. "मी पलंगावर पडलेलो, ठिणगे. दुकानात तू एकटी. तुलाही काही निघालं असतं, तूही झोपली असतीस, तर कॉइल कोण भरणार होतं? म्हटलं, मला बरं वाटू दे, मग सांगू. मग ते राहूनच गेलं. आणि तुझं सांगितलं नाही, मग छोटीचं कुठल्या तोंडाने सांगणार? पुरुषांना होतं म्हटलं की सगळं मिटत होतं."

वरून एक बाई पिशवी घेऊन आली, दोघांच्या मधून वाट काढत उतरली. ठिणगी कठड्याला टेकून उभी होती. तिला वाटलं होतं हा मूर्ख आहे, शेफारलेला आहे, विसरभोळा आहे. इतके महिने ती एका मूर्खावर रागावली होती.

"आता कोण भरतंय?" तिने विचारलं.

जिन्यात शांतता होती, त्यामुळे तिचा घोगरा आवाजही त्याला नीट ऐकू गेला. त्याने मान वर केली, तिच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि परत खाली घातली. ती त्याला वळसा घालून खाली गेली, पाण्याची बाटली भरून घेतली, आणि परत येताना दुसऱ्या जिन्याने वर छोटीकडे गेली.